भाकरीची पावती मागावी का?



आपल्या शेलूबाजारच्या नावातच बाजार आहे. बाजाराचा नियम लहान मुलालाही कळतो. माल मापून घ्यायचा, पैसे मोजून द्यायचे, हिशेब मिटला की दोघांनी आपापल्या वाटेने जायचे. यात वाईट काही नाही. तुरीचा काटा चोख असला, सोयाबीनचा भाव खरा सांगितला, तर तोही एक धर्मच आहे. खोट्या मापाची परमेश्वराला चीड आहे, असे जुन्या करारात वारंवार सांगितले आहे.

प्रश्न पुढे येतो तो वेगळ्याच दारात. समजा, चर्चच्या दारात एक बाई येऊन उभी राहते. नवरा गेला आहे, पेरणी तोंडावर आली आहे, बियाण्याला पैसे नाहीत आणि मुलीची फी भरायची आहे. आपण तिला जमेल तेवढी मदत करतो. हे देणे बाजारातल्या देण्यासारखे आहे का? त्याच्या बदल्यात तिने आपल्याला काही द्यावे अशी अपेक्षा ठेवणे योग्य आहे का? दिलेल्या भाकरीची पावती मागावी का?

कोणी म्हणेल, "छे, आपण कुठे पावती मागतो?" पण पावती नेहमी कागदावरच असते असे नाही. "आता रविवारी मिस्साला दिसत जा," हे वाक्य मदतीची पिशवी हातात देताना उच्चारले की ती पावती होते. ब्लँकेट देताना काढलेला फोटो आणि तो संध्याकाळी मोबाइलवर सगळ्यांना पाठवणे, ही पावतीच. "आपण एवढे केले, पण तिने साधे आभारही मानले नाहीत," ही कुरबूर म्हणजे न मिळालेल्या पावतीबद्दलची तक्रार. आणि सर्वांत बोचरी पावती तर आपण मनातल्या मनात मागतो: आपण ज्या कुटुंबाला मदत केली, त्याने दुसऱ्या मंडळीकडे जाऊ नये.

हा शेवटचा मुद्दा आपल्यासारख्या लहान ख्रिस्ती समाजाला फार जवळून भिडतो. वाशिम जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ११,९७,१६० होती आणि त्यात ख्रिस्ती माणसे शंभरात एकही भरत नाहीत. त्यातही आपण एका छपराखाली नाही. आपण कॅथलिक, अमरावती धर्मप्रांतातले. अकोला-खामगावकडे अलायन्स मिशनने काम केले, यवतमाळकडे फ्री मेथडिस्ट मिशनने आणि वाशिम-बुलढाण्याकडे नाझरीन मंडळीने. एवढ्या थोड्या माणसांत एक कुटुंब इकडून तिकडे गेले तरी दोन्हीकडे बातमी होते. "आम्ही अडचणीत सांभाळले आणि ते मात्र तिकडे गेले," असे वाक्य मग ऐकू येते. ते इकडेही ऐकू येते आणि तिकडेही.

या प्रश्नाचा विचार करताना आपल्या घरापासून सुरुवात करण्याऐवजी, जरा शेजाऱ्यांच्या घराकडे पाहावे असे मला वाटते. बाप्टिस्ट मंडळी हे त्यासाठी चांगले उदाहरण आहे, कारण आपल्यात आणि त्यांच्यात मोठे अंतर आहे आणि तरीही या प्रश्नावर त्यांच्याकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

बाप्टिस्ट मंडळीत बिशप नसतात. प्रत्येक स्थानिक मंडळी आपला कारभार आपणच पाहते. पाळक कोण असावा, दानाचा पैसा कशावर खर्च व्हावा, हे सभासद एकत्र बसून ठरवतात. तान्ह्या बाळाला ते बाप्तिस्मा देत नाहीत. माणसाने जाणत्या वयात, स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल केला म्हणजे त्याला पाण्यात पूर्ण बुडवून बाप्तिस्मा दिला जातो. मंडळी बहुधा लहान असते. रविवारची उपासना, मुलांचे संडे स्कूल, आठवड्यात घरोघरी प्रार्थना, स्त्रियांची सभा, आजाऱ्याची विचारपूस, यातून सगळे सगळ्यांना ओळखतात. कोणी दोन रविवार आला नाही तर तिसऱ्या दिवशी कोणीतरी त्याच्या दारात उभे असते. कोणाच्या घरात चूल पेटली नाही, हे सांगण्यासाठी अर्ज भरावा लागत नाही.

हा त्या जवळिकीचा मोठा गुण आहे. पण बारकाईने पाहिले तर धोकाही तेथेच आहे. जेथे सगळे सगळ्यांना ओळखतात, तेथे मदत घेतलेल्या माणसाला "नाही" म्हणणे फार अवघड असते. ज्यांनी फी भरली त्यांच्या प्रार्थनासभेला कसे जायचे नाही? ज्यांनी औषध आणून दिले त्यांच्या मताविरुद्ध कसे बोलायचे? कोणी जबरदस्ती करीत नाही, तरीही मान आपोआप खाली जाते. बाप्टिस्टांनाच हे लागू आहे असे नाही. आपल्या धर्मग्रामातल्या लहान ख्रिस्ती समूहांनाही हे तितकेच लागू आहे.

बाप्टिस्टांच्या परंपरेत या धोक्यावर एक जुना उतारा आहे. विश्वास हा ज्याचा त्याने, स्वखुशीने स्वीकारायचा असतो, यावर त्यांची सगळी उभारणी आहे. थॉमस हेल्विस नावाच्या इंग्रज गृहस्थाने १६१२ च्या सुमारास लंडनजवळ इंग्लंडच्या भूमीवरची पहिली बाप्टिस्ट मंडळी उभी केली. राजाला माणसाच्या शरीरावर अधिकार असेल, पण त्याच्या आत्म्यावर नाही, आणि हे केवळ ख्रिस्ती माणसालाच नव्हे तर यहुदी आणि मुसलमान माणसालाही लागू आहे, असे त्याने लिहिले. त्याबद्दल त्याला तुरुंगात टाकण्यात आले आणि १६१६ च्या सुमारास तो तेथेच मरण पावला. १६१६ हे साल आपल्याला दुसऱ्या कारणाने परिचित आहे. त्याच वर्षी गोव्यात फादर स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' प्रथम छापले गेले. हेल्विसने सांगितलेली गोष्ट कॅथलिक ख्रिस्तसभेने दुसऱ्या व्हॅटिकन महासभेत, ७ डिसेंबर १९६५ रोजी, धर्मस्वातंत्र्यावरील घोषणापत्रात स्वतःच्या शब्दांत मांडली: श्रद्धेच्या बाबतीत कोणावरही सक्ती होता कामा नये. शेजाऱ्याने आधी ओळखलेले सत्य नंतर आपणही स्वीकारले, तर त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

आता विचार करा. विश्वास जर स्वखुशीनेच यायला हवा, तर भाकरी देऊन तो विकत घेता येईल का? तलवारीने केलेली सक्ती जशी खोटी, तशीच भुकेने केलेली सक्तीही खोटीच. मात्र हे पुस्तकात लिहिणे सोपे. उपाशी माणसांची रांग समोर उभी असताना ते पाळणे कठीण. म्हणून एक खरी घडलेली हकिकत सांगतो.

इंग्रजी अमदानीत प्रॉटेस्टंट मिशनांनी आपापसांत प्रदेश वाटून घेतले होते. त्यामुळे वऱ्हाडात बाप्टिस्ट फारसे आले नाहीत. तेलुगू मुलखात, ओडिशात आणि ईशान्य भारतात मात्र त्यांचे काम वाढले. आजच्या आंध्र प्रदेशातल्या ओंगोल येथे जॉन क्लाऊ नावाचे अमेरिकन बाप्टिस्ट मिशनरी १८६६ पासून राहत होते. १८७६ ते १८७८ या काळात दक्षिणेत भयंकर दुष्काळ पडला. तोच दुष्काळ आपल्या सोलापूर-पुण्याकडच्या लोकांनीही भोगला. सरकारने दुष्काळी काम म्हणून बकिंगहॅम कालव्याचे खोदकाम काढले होते. क्लाऊ यांनी त्या कालव्याच्या काही मैलांचा ठेका स्वतः घेतला. भुकेल्यांना त्यांनी काम दिले आणि त्या कामाची मजुरी दिली. आलेल्यांत चामड्याचे काम करणाऱ्या मादिगा जातीचे, गावाने दूर ठेवलेले लोक फार होते. मिशनचे तेलुगू प्रचारक मुकादम म्हणून देखरेख करीत. दिवसा कुदळ चाले आणि विश्रांतीच्या वेळी येशूच्या गोष्टी निघत.

त्या काळात शेकडो माणसे बाप्तिस्मा मागू लागली. एखाद्या मिशनरीला याहून मोठा आनंद कोणता? पण क्लाऊ यांनी नकार दिला. दुष्काळाची मदत चालू आहे तोवर कोणालाही बाप्तिस्मा देणार नाही, असे त्यांनी ठरवले आणि वर्षाहून अधिक काळ ते त्यावर ठाम राहिले. मजुरीचे पैसे आणि मंडळीची नोंदवही एकाच वेळी हातात धरायची नाही, असा त्याचा अर्थ होता. मदत संपली, लोक आपापल्या गावी गेले आणि तरीही ते पुन्हा बाप्तिस्मा मागायला आले, तेव्हाच नोंदवही उघडली गेली. ३ जुलै १८७८ या एका दिवशी गुंडलकम्मा नदीत २,२२२ जणांचा बाप्तिस्मा झाला.

हा मोठा आकडा ऐकून काहींना आनंद होईल, तर काहींच्या मनात शंका येईल. शंका येणाऱ्याला मी दोष देणार नाही. आपल्याकडेही "पोटासाठी बाटला" हे वाक्य पिढ्यानपिढ्या ऐकवले गेले आहे आणि ते अनेकांना अन्यायाने ऐकवले गेले आहे. क्लाऊ यांच्या नियमाने सगळे प्रश्न सुटले असेही म्हणता येणार नाही. दुष्काळ संपला म्हणून उपकाराची आठवण संपत नाही. पण दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. ज्यांना गावाने विहिरीपाशी उभे केले नाही, त्यांना कोणीतरी माणूस मानून कामावर घेतले, ठरलेली मजुरी दिली आणि मरू दिले नाही. असे वागणाऱ्यांचा देव कोण आहे, हे त्यांना जाणून घ्यावेसे वाटले, तर त्याला लाच म्हणायचे का? कृतज्ञता ही लाच नव्हे. ती आपोआप उगवते तेव्हा ते फळ असते. आपण ती मागून घेतो तेव्हा ती किंमत होते. क्लाऊ यांनी फळाची वाट पाहिली, किंमत मागितली नाही. त्यांच्याकडून घेण्यासारखे आहे ते हे थांबणे. आकडा त्या थांबण्यानंतर आला.

एवढ्या लांब जायला नको असेल तर आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणी पाहा. वाशिमचे रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल नाझरीन मंडळीने १९३८ मध्ये सुरू केले. ऑर्फा स्पायकर या अमेरिकन डॉक्टर बाईंनी त्याची उभारणी केली. ज्या इमारतीत ते सुरू झाले, ती आधी मेथडिस्ट मिशनची शाळा होती. म्हणजे एका मंडळीने बांधलेल्या भिंती दुसऱ्या मंडळीच्या हाती गेल्या, आणि आत खाटांवर झोपलेले बहुतेक रुग्ण या दोन्हींपैकी कोणत्याच मंडळीचे नव्हते. दवाखान्यात केसपेपरवर नाव, वय आणि गाव लिहितात. बरे झाल्यावर कोणत्या दाराने बाहेर पडायचे आणि कोणाच्या दारात जायचे, हे त्यावर लिहीत नाहीत. धर्मादायाचे काम कसे असावे, हे एखाद्या प्रवचनापेक्षा केसपेपर अधिक चांगले सांगतो.

आपल्या वऱ्हाडाने हा धडा ख्रिस्ती मिशनांच्या बाहेरही पाहिला आहे. गाडगेबाबा अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे. गावात आल्यावर आधी खराट्याने गाव झाडायचे आणि मग रात्री कीर्तन करायचे, ही त्यांची रीत. लोकांनी दिलेल्या पैशातून त्यांनी ठिकठिकाणी धर्मशाळा बांधल्या, पण स्वतः कोणाचे गुरू झाले नाहीत आणि कोणाला शिष्य केले नाही. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. बांधली आपण, चालवतील ते, शिकतील मुले. यात पावतीची जागा कुठेच नाही.

आता शुभवर्तमानाकडे वळू या. दयाळू शोमरोनी माणसाचा दाखला आपण इतक्या वेळा ऐकला आहे की त्यातली एक गोष्ट सहज निसटून जाते. यहुदी आणि शोमरोनी हे एकाच देवाला मानणारे, पण उपासनेच्या जागेवरून भांडणारे दोन समाज होते. एकाचे पवित्र स्थान यरुशलेम, दुसऱ्याचे गरिज्जीम डोंगर. शोमरोनी माणसाने जखमीला उचलले, जखमा बांधल्या, उतारशाळेत नेले, दोन दीनार मोजून दिले आणि जास्त खर्च आला तर परतताना देईन असे सांगितले. बरा झाल्यावर या माणसाला गरिज्जीम डोंगरावर पाठवून दे, असे मात्र त्याने उतारशाळेच्या मालकाला सांगितले नाही. प्रभू येशूने "शेजारी" या शब्दाचा अर्थ ज्याच्याकडून शिकवला, तो दुसऱ्या पंथाचा माणूस होता, आणि त्याने पावती मागितली नव्हती. आज समृद्धी महामार्ग आपल्या गावाजवळून जातो. ११ डिसेंबर २०२२ रोजी त्याचा नागपूर ते शिर्डी टप्पा सुरू झाल्यापासून रात्रंदिवस अनोळखी माणसे आपल्या शिवारातून जात आहेत. यरीहोचा रस्ता आता आपल्याही दारात आहे.

दहा कुष्ठरोग्यांची गोष्टही अशीच. दहा बरे झाले, एकच आभार मानायला परत आला आणि तोही शोमरोनी होता. बाकीचे नऊ कोठे आहेत, असे प्रभूने विचारले. म्हणजे कृतघ्नपणा त्यालाही जाणवला. पण नऊ जणांचे बरे होणे त्याने काढून घेतले नाही. भाकरी खाऊन तृप्त झालेला समुदाय दुसऱ्या दिवशी पुन्हा भाकरीसाठीच आला, तेव्हा प्रभूने त्यांना खडसावले, त्यांना न पेलणारी शिकवण दिली आणि पुष्कळ जण त्याला सोडून गेले. त्याने त्यांना जाऊ दिले. खाल्लेल्या भाकरीचा हिशेब कोणाला मागितला नाही.

यावर काही रास्त आक्षेप निघतात. त्यांना उत्तर द्यायला हवे.

पहिला आक्षेप असा, की आधी आपल्या माणसांचे पाहायला नको का? संत पौलानेही विश्वासाच्या घराण्यातील लोकांचे विशेषकरून भले करावे असे लिहिले आहे. खरे आहे. पण त्याच वाक्यात, त्याच्या आधी, सर्वांचे भले करावे असेही लिहिले आहे. घरच्या मुलाला आधी वाढणे हा अन्याय नव्हे. शेजारच्या उपाशी मुलाला, तू आमच्या घरचा हो मग वाढतो, असे सांगणे हा अन्याय आहे. शिवाय "विश्वासाच्या घराण्यात" बाप्टिस्ट बांधवही येतात, हे विसरू नये. त्रैक्याच्या नावाने झालेला त्यांचा बाप्तिस्मा आपली ख्रिस्तसभाही मानते.

दुसरा आक्षेप: पावती मागायची नाही, तर मग कोणीही येऊन फसवील. येथे दोन वेगळ्या पावत्यांची गल्लत होते. पैशाचा हिशेब हवाच. दान देणाऱ्याचा एक रुपया कोठे गेला, हे दाखवता आले पाहिजे. खऱ्या गरजेची चौकशीही करावी. पण ती पावती खजिनदाराने ठेवायची असते आणि देणगीदारांना दाखवायची असते. गरिबाच्या मानेला ती बांधायची नसते. १८३३ मध्ये पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम आणि त्याच्या तरुण सोबत्यांनी जे काम सुरू केले आणि जे पुढे संत व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी म्हणून जगभर पसरले, त्यांची रीत आठवा. गरिबाला कचेरीत बोलवायचे नाही, आपणच त्याच्या घरी जायचे. तेथे काय पाहिले ते चव्हाट्यावर आणायचे नाही. चौकशी झाली आणि अब्रूही राहिली.

तिसरा आक्षेप अधिक खोल आहे. विश्वासाबद्दल काहीच बोलायचे नाही, तर आपण आणि एखादी सरकारी योजना यांत फरक काय? २००६ मध्ये पश्चिम विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज आले होते, त्यात वाशिमही होते. आपली पिशवी त्यापुढे किती लहान! मग आपले वैशिष्ट्य कोणते? पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी डिसेंबर २००५ मधील आपल्या पहिल्या परिपत्रकात या प्रश्नाला हात घातला आहे. प्रीती ही फुकट असते. दुसरा काही हेतू साधण्यासाठी ती करायची नसते. मात्र याचा अर्थ देवाला बाजूला ठेवायचे असाही नाही. देवाबद्दल केव्हा बोलावे आणि केव्हा गप्प राहून प्रीतीलाच बोलू द्यावे, हे ख्रिस्ती माणसाला कळले पाहिजे, असा त्यांच्या सांगण्याचा आशय आहे. कोणी विचारले तर मोकळेपणाने सांगावे. प्रार्थनेला बोलवावे. पण ते बोलावणे पिशवीसोबत देऊ नये. पिशवी देण्याचा दिवस वेगळा असू द्या, निमंत्रणाचा दिवस वेगळा. येणाऱ्याला "नाही" म्हणायची जागा राहिली पाहिजे. जेथे "नाही" म्हणता येत नाही, तेथल्या "हो"ला किंमत नाही.

चौथा आक्षेप शेजाऱ्यांविषयी. बाप्टिस्टांसोबत मिळून काम केले तर आपल्या लोकांचा गोंधळ होणार नाही का? आपल्यातले मतभेद खरे आहेत. परमप्रसाद, धर्मगुरुपद, पवित्र मरियेचा मान, बालकांचा स्नानसंस्कार, यांतले काहीही किरकोळ नाही. ते लपवून गोड बोलण्यात अर्थ नाही. कॅथलिक ख्रिस्तसभा आणि बाप्टिस्ट जागतिक संघटना यांच्या प्रतिनिधींनी १९८४ ते १९८८ आणि पुन्हा २००६ ते २०१० या काळात याच विषयांवर समोरासमोर बसून चर्चा केली. मतभेद मिटले नाहीत, पण कोठे मतभेद आहेत आणि कोठे नाहीत हे स्पष्ट झाले. २१ नोव्हेंबर १९६४ च्या व्हॅटिकन महासभेच्या ख्रिस्तैक्यविषयक आदेशात तर दुष्काळ, नैसर्गिक संकटे, निरक्षरता, गरिबी आणि घरांची टंचाई यांच्याविरुद्ध सर्व ख्रिस्ती लोकांनी मिळून काम करावे, असे स्पष्ट सांगितले आहे. वेदीवर आपण अजून एकत्र येऊ शकत नाही. पण आजाऱ्याच्या खाटेपाशी एकत्र उभे राहायला कोणी अडवलेले नाही.

शिष्यांनीही प्रभूकडे एकदा अशीच तक्रार नेली होती. एक माणूस तुझ्या नावाने भुते काढत होता, तो आपल्यातला नव्हता म्हणून आम्ही त्याला मना केले, असे योहान म्हणाला. त्याला मना करू नका, असे प्रभूने उत्तर दिले आणि लगेच पेलाभर पाण्याची गोष्ट काढली. त्या बोलण्यात पाणी देणारा बाहेरचा आहे आणि पिणारे आपण आहोत, हे लक्षात घ्या. कधी कधी आपल्यालाच शेजारच्या मंडळीच्या हातचे पाणी प्यावे लागेल, आणि ते मान खाली न घालता प्यायला शिकले पाहिजे. आपण मराठी ख्रिस्ती तर ते दोनशे वर्षे पीत आलो आहोत. विल्यम केरी हे बाप्टिस्ट मिशनरी. बंगालमध्ये श्रीरामपूरला बसून, वैजनाथ पंडितांच्या मदतीने त्यांनी १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण आणि १८१० मध्ये मराठीचा कोश छापला. त्या व्याकरणाचा उपयोग करताना कोणी बाप्टिस्ट व्हावे अशी अट कधी कोणी घातली नाही.

मग आपण काय करावे? मोठ्या योजनेची गरज नाही. चार साध्या गोष्टी पुरेशा आहेत.

मदत देताना फोटो काढू नये. देणगीदारांना हिशेब दाखवावा, गरिबाचा चेहरा दाखवू नये.

मदत ज्याच्या हातून जाते, त्याने त्या महिन्यात त्या कुटुंबाला मिस्साबद्दल किंवा सभेबद्दल आपण होऊन विचारू नये. विचारायचे असेल तर पीक कसे आहे, मुलीचा अभ्यास कसा चालला आहे, हे विचारावे.

परिसरातल्या इतर ख्रिस्ती मंडळ्यांशी बोलून गरजू घरांची यादी मिळून करावी. एका विधवेला दोन्हीकडून ब्लँकेट आणि तिच्या शेजारणीला कुठूनच नाही, असे होऊ नये. ही यादी अख्रिस्ती घरे वगळून करू नये.

आणि वाटपाचे काम ज्यांना डावलल्यासारखे वाटते, त्यांच्या हाती द्यावे. प्रेषितांच्या कृत्यांत सहाव्या अध्यायात पहिल्याच मंडळीत वाटपावरून भांडण झाल्याचे सांगितले आहे. ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवांकडे दुर्लक्ष होते, अशी तक्रार आली. तेव्हा सात जण निवडले गेले आणि त्या सातांचीही नावे ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार होती, त्यांच्याच हाती मंडळीने पळी दिली. आपल्याकडे ज्या स्त्रियांनी कधी काळी मदत घेतली आहे, त्यांना यंदाच्या समितीत बसवून पाहावे. कोणाचे मन कुठे दुखते, हे त्यांना आपल्यापेक्षा चांगले कळेल.

हे सगळे केल्यावरही एखादे कुटुंब आपल्याला सोडून जाईल. आपण भरलेल्या फीवर शिकलेली मुलगी उद्या बाप्टिस्ट मंडळीच्या संडे स्कूलमध्ये शिकवताना दिसेल. मनाला लागेल. लागू द्यावे, ते माणसाचे मन आहे. तिच्याबरोबर आपण परमप्रसादाच्या एका पंगतीत बसत नाही याचे दुःखही खरे आहे आणि त्यासाठी प्रार्थना करावी. पण आपली मदत वाया गेली असे मात्र म्हणू नये. मुलगी शिकली. आपण पैसे दिले होते ते त्यासाठीच.

येत्या रविवारी मिस्सा झाल्यावर मदत समितीची बैठक आहे असे समजून, ज्यांना या कामात वेळ देता येईल त्यांनी आपले नाव धर्मगुरूंकडे द्यावे. मृगाच्या पेरणीआधी यादी तयार असली तर बियाण्याला उपयोग होईल. आपल्याला जे फुकट मिळाले आहे ते फुकट देण्याची कृपा प्रभू आपणा सर्वांना देवो.